खोक्यावर प्रेम, आत वेगळाच माल

चाकणच्या कारखान्यांत माल गेटमधून आत आला की आधी चलन आणि लेबल बघतात, मग खोका उघडतात. लेबलावर एक पार्ट नंबर आणि आत दुसराच नग निघाला, तर तो नग कितीही चोख असो, लॉट परत जातो. याच पट्ट्यात नोकरी करणाऱ्या एखाद्या वाचकाने सुट्टीच्या दिवशी ‘रोमान्स’ म्हणून कादंबरी हातात घेतली आणि आत भलतंच निघालं, तर मात्र लॉट परत पाठवायची सोय नसते. तो चिडतो. आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर, म्हणजे लेखकावर.

कॉलीन हूव्हर यांची ‘इट एन्ड्स विथ अस’ हे या चिडचिडीचं अलीकडचं गाजलेलं उदाहरण. २०१६ साली आलेल्या या कादंबरीला त्याच वर्षी गुडरीड्स या पुस्तकांच्या संकेतस्थळावरच्या वाचकांनी मतं देऊन रोमान्स विभागात पहिलं ठरवलं. गोष्ट आहे बोस्टनमध्ये फुलांचं दुकान काढणाऱ्या लिलीची आणि तिच्यावर हात उगारणाऱ्या नवऱ्याची. हूव्हर यांनी ती आपल्या आईच्या आयुष्यावरून घेतली. टिकटॉकमुळे पुस्तक पुन्हा उसळलं, तेव्हा त्यावर रंग भरायची वही निघणार असल्याचं २०२३च्या जानेवारीत जाहीर झालं. वाचक भडकले आणि ती मागे घ्यावी लागली. २०२४ साली सिनेमा आला, त्याची जाहिरातही फुलाफुलांच्या कपड्यांत झाली आणि पुन्हा टीका झाली. पुस्तक तेच होतं, लेबल चुकत होतं.

लेबलाला एवढं महत्त्व का? कारण या प्रकारात लेबल म्हणजे वायदा. अमेरिकेतल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखक संघटनेने दोनच अटी घातल्या: गोष्टीच्या मध्यावर प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. १९०८ साली लंडनमध्ये निघालेली आणि पुढे प्रेमकादंबऱ्यांनाच वाहून घेतलेली ‘मिल्स अँड बून’ या दुसऱ्या अटीवरच जगली. दिवसभर लाइनवर उभं राहून आलेल्या माणसाला शेवट गोड हवा असेल, तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

मराठीत गोंधळ जरा वेगळा आहे. आपल्याकडे ‘प्रेमकथा’ या एकाच शब्दात सगळं मावतं. ना. सी. फडक्यांच्या देखण्या, बांधेसूद कादंबऱ्याही प्रेमकथा आणि १९३९ सालची विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ही प्रेमकथाच. युरोपातून मुंबईला निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी भेटतात, इतकं ऐकून कुणी ती वाचायला घेतली तर पहिली काही पानं त्याची समजूत पक्कीच होते. मग बोट मुंबईला लागते, चक्रधर उतरतो, हॅर्टाला पुढे जावं लागतं. शेवट सांगायला आता हरकत नसावी. पुस्तकाला ऐंशीहून जास्त वर्षं झाली. कुठलाच देश थारा देत नाही आणि ती समुद्रात उडी घेते. मराठीतल्या थोर कादंबऱ्यांत ‘रणांगण’ची गणना होते, पण हलकंफुलकं प्रेम शोधणाऱ्याला ही कादंबरी पाठीत घाव घातल्यासारखी लागते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

हा गोंधळ पुस्तकं विकली जातात तिथेही सुटत नाही. २०१६च्या जानेवारीत पिंपरीत ८९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अशा संमेलनातल्या पुस्तकांच्या गाळ्यांवर पाट्या असतात त्या प्रकाशकांच्या. पुस्तक कोणत्या जातीचं, हे गिऱ्हाईकाने मलपृष्ठावरून ताडायचं. आणि मलपृष्ठ लिहिणाऱ्याला पुस्तक विकायचं असतं.

खरं तर वाईट शेवट लपवल्याशिवायही पुस्तक खपतं. एरिक सीगल यांच्या १९७०च्या ‘लव्ह स्टोरी’त नायिका मरते, हे पहिल्याच वाक्यात कळतं. तरी ती धो धो खपली, आणि फसवणूक झाली असं म्हणायला जागा उरली नाही. हूव्हर यांनीही आईची हकिगत पुस्तकातच सांगितली आहे, पण शेवटच्या टिपणात, आणि कादंबरी संपल्यावरच ते वाचावं, अशी सूचना वर देऊन.