आधी नकाशा, मग गिलावा

यंदा आमच्या घराची दुरुस्ती निघाली आहे. मागची मातीची भिंत उतरवून विटांची बांधली. गिलाव्याआधी विजेचे काम कसे ठरवतात ते मी पाहिले. तेच तुम्हांला सांगतो.

तारांचे पाईप भिंतीत झिरी मारून बसवतात. गिलावा झाल्यावर नवा पॉइंट सुचला, तर भिंत पुन्हा फोडावी लागते. म्हणून पहिले काम कागदावर. आम्ही वहीच्या पानावर खोल्या काढल्या. दार कोणत्या बाजूला उघडते तेही दाखवले, नाहीतर बटण दारामागे जाते. मिक्सर कुठे, फ्रीज कुठे, घरघंटी कुठे, हे आईने सांगितले. आजी म्हणाली, "माझ्या खाटेवरून हात पुरंल असं एक बटण द्या रे." न्हाणीघराचे बटण बाहेर घेतले, कारण आत हात ओले असतात. मग भिंतीवर खडूने खुणा केल्या.

दुसरे काम गणिताचे. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. वस्तूवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागले की साधारण किती अँपिअर लागतील ते कळते. गिझर २००० वॅटचा असेल तर सुमारे पावणेनऊ अँपिअर. म्हणून त्याला ६ अँपिअरचा छोटा सॉकेट चालत नाही, १६ चा मोठा लागतो आणि तारही जाड लागते. बारीक तारेवर जास्त भार आला तर ती तापते, वरचे आवरण वितळते आणि आग लागू शकते. सगळ्या वस्तूंची बेरीज करून ती बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून पाहावी.

खर्चाचा आकडा आला तेव्हा आजोबा म्हणाले, "दिवा तर दोन तारांवर लागतो. मग ही तिसरी हिरवी तार कशाला? तेवढेच पैसे वाचतील." त्यावर वायरमनकाकांनी समजावून सांगितले. फ्रीजच्या आतली तार सुटून पत्र्याला लागली, तर पत्र्यात वीज येते. हिरवी अर्थिंगची तार नसेल, तर हात लावणाऱ्या माणसातून ती जमिनीत जाते. तार असेल, तर वीज त्या सोप्या वाटेने जाते. तीन पिनांतली अर्थची पिन लांब असते, ती याचसाठी. प्लग लावताना आधी अर्थ जोडला जातो.

सोबत आरसीसीबी नावाचे बटणही बसवतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ते डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडते. ते नीट चालते की नाही, हे बघायला त्यावर एक छोटे चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आजोबांना पटले. पैसे वाचवायचेच होते, म्हणून बैठकीतले शोभेचे चार दिवे कमी केले. अर्थिंग मात्र ठेवले.

पालकांना माझी विनंती आहे. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. वस्तू आयएसआय मार्कच्या घ्या. गिलाव्याआधी पाईप दिसतात तोवर भिंतींचे फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात. आणि मुलांनो, आपण तारांना हात लावायचा नाही. पण नकाशा काढायला आणि बेरीज करायला आपण नक्कीच मदत करू शकतो!