धम्मयात्रा आणि खिशाला लागणारी कात्री

तथागत भगवान बुद्धांच्या जीवनाशी निगडित चार महास्थळांपैकी बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही तीन भारतात आहेत. जन्मस्थान लुंबिनी मात्र नेपाळमध्ये आहे. त्यामुळे आपल्या वस्तीतून निघालेल्या धम्मयात्रेतला प्रत्येक उपासक, प्रत्येक उपासिका दोन दिवसांपुरती का होईना, परदेशी प्रवासी ठरते. व्हिसा लागत नाही, भाषा समजते, म्हणून हा परदेश आपल्याला परदेश वाटत नाही. बँकेला मात्र तो तसा वाटतो. सोनौलीची सीमा ओलांडली की तेच कार्ड, तेच खाते, पण दर वेगळे!

आमच्या विहारातून गेलेल्या एका यात्रेत महापालिकेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेल्या एक मावशी होत्या. आयुष्यभर झाडू मारून साठवलेल्या पैशांतून त्यांनी ही यात्रा केली. रोख रक्कम चोरीला जाईल या भीतीने त्यांनी पैसे खात्यातच ठेवले आणि लुंबिनीत तीन वेळा एटीएममधून साधारण दोन-दोन हजार रुपयांइतके नेपाळी पैसे काढले. परत आल्यावर पासबुक छापून घेतले आणि ते घेऊन त्या आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "जयभीम वकीलसाहेब. मी सहा हजार काढले. वरचे पैसे कोणी नेले?"

आम्ही हिशेब मांडला. त्यांच्या बँकेचे परदेशी एटीएमसाठी दर वेळचे शुल्क १५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७७. शिवाय चलन बदलल्याबद्दल ३ टक्के मार्कअप, म्हणजे दोन हजारांवर ६० रुपये, आणि त्यावरही जीएसटी. एका वेळचे झाले सुमारे २४८ रुपये. तीन वेळचे सुमारे ७४३. तिथल्या एटीएमची फी वेगळीच. सहा हजार एकदम काढले असते तर ३९० रुपयांत भागले असते. आणि शंभराच्या नोटा सोबत नेल्या असत्या तर बँकेला एक रुपयाही द्यावा लागला नसता. कारण १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे आणि सीमेलगत व लुंबिनीच्या बाजारात आपली शंभराची नोट सहज चालते.

बँकेने कायदा मोडला होता काय? नाही. सगळे दर तिच्या दरपत्रकात होते. पण ते दरपत्रक इंग्रजीत, संगणकावर, आणि मावशींच्या हातात फक्त पासबुक! कायदेशीर लूट ही अशीच असते. ती अंधारात होत नाही, आपल्याला न वाचता येणाऱ्या अक्षरांत होते. ज्या समाजाने सावकाराच्या वहीवर न वाचता अंगठे उठवले, त्याला हे नव्याने सांगायची गरज नाही.

पैशाचा हा विषय चळवळीचा नाही, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडावे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९२० साली पुन्हा लंडनला गेले तेव्हा हाताशी होती स्वतःची बचत आणि स्नेह्यांची मदत. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर होता. १९२१ मध्ये तो दीड शिलिंगाच्याही खाली आला. म्हणजे घरून तेवढेच रुपये आले तरी लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्याच्या हाती पडणारे शिलिंग घटले. याच विनिमयाच्या प्रश्नाचा मुळापासून शोध घेणारा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा भाव कोण ठरवतो आणि त्यात कोणाचे नुकसान होते, हा प्रश्न विचारणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी. आपणच पासबुक न वाचता कपाटात ठेवावे काय?

दीघजाणु सुत्तात तथागतांनी गृहस्थाच्या ऐहिक हितासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत. उद्योग, कमावलेल्या धनाचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि आय-व्यय पाहून जगणे. धनाचे रक्षण त्यात आहे, हे विसरू नये. म्हणून यात्रेला, परिषदेला किंवा शिक्षणाला परदेशी निघणाऱ्या समाजबांधवांसाठी काही गोष्टी येथे स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट नेपाळची. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभर रुपयांवरील भारतीय नोटांवर बंदी घातली होती. या बाबतचे नियम बदलत आले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी ताजा नियम विचारावा आणि शक्यतो शंभराच्याच नोटा न्याव्यात. त्या एकाच पिशवीत न ठेवता गटात वाटून ठेवाव्यात. मार्च २०२४ पासून नेपाळमध्ये यूपीआयने दुकानदाराला पैसे देण्याची सोयही सुरू झाली. श्रीलंकेत ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. त्यासाठी ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करावे लागतात आणि पडद्यावर दिसणारी रुपयांतली रक्कम पाहूनच पिन टाकावा.

दुसरी गोष्ट कार्डाची. २०२० पासून नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते. परदेशी वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो. तो निघताना सुरू करावा आणि परतल्यावर बंद करावा. मार्कअप किती व एटीएमचे शुल्क किती, हे दोन आकडे बँकेतून लिहून घ्यावेत. पैसे काढायचेच असतील तर थोडे-थोडे अनेकदा न काढता गरजेपुरते एकदाच काढावेत. थायलंडमध्ये तर बहुतेक एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाहत किंवा त्याच्या आसपास फी लावतात. हजार बाहत काढणाऱ्याचा पाचवा हिस्सा तिथेच गेला! आणि क्रेडिट कार्डावर रोख कधीही काढू नये. शुल्क तर लागतेच, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या फजितीची. बँकॉकला एका बौद्ध परिषदेला गेलो असता दुकानातल्या यंत्राने विचारले, पैसे रुपयांत द्यायचे की बाहतमध्ये? आम्ही वकील, मोठ्या ऐटीत 'रुपये' निवडले. रुपये म्हणजे आपले, समजायला सोपे. खोलीवर येऊन हिशेब केला तेव्हा कळले की यंत्राने आपल्या मर्जीचा महागडा दर लावला होता. असा प्रश्न आला की नेहमी त्या देशाचे चलन निवडावे. सोय म्हणून जे पुढे केले जाते, त्याची किंमत विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

चौथी गोष्ट परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींची. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर आणि इतर योजनांतून ती आज लंडनपासून अमेरिकेपर्यंत पोहोचत आहेत. घरून पैसे पाठवताना दर खेपेला ठरीव शुल्क लागते, म्हणून दहादा थोडे-थोडे पाठवण्यापेक्षा दोनदा पुरेसे पाठवावे. वाटेतल्या बँकांचे शुल्क पाठवणाऱ्याने सोसायचे की घेणाऱ्याने, हे अर्जात लिहायचे असते. विद्यापीठाची फी पाठवताना ते आपणच सोसतो असे लिहावे. नाहीतर फी काही पौंडांनी कमी पोहोचते आणि मुलाच्या नावावर थकबाकी दिसते. तिथे पोहोचताच मुलांनी स्थानिक खाते उघडावे, म्हणजे रोजच्या खर्चाला भारतीय कार्डाचा मार्कअप लागत नाही.

पाचवी गोष्ट फार जणांना ठाऊक नाही. परदेशी सहलीचे पॅकेज घेताना यात्रा कंपनी टीसीएस नावाची रक्कम घेते. ती कंपनीची फी नव्हे. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होणारा आगाऊ कर आहे. आपले उत्पन्न करपात्र नसेल तर आयकर विवरणपत्र भरून ती परत मिळवता येते. विवरणपत्र श्रीमंतांनीच भरायचे, या गैरसमजापायी गरिबाचा हक्काचा पैसा सरकारजमा राहतो. पावती मागा, पॅन बरोबर लिहिला आहे काय ते पाहा.

आता प्रश्न मावशींचा. शुल्क दरपत्रकाप्रमाणेच होते, म्हणून ते परत मिळाले नाही. पण ग्राहकांसाठीचे छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावे, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. परदेशी वापराचे दरपत्रक मराठीत द्या, असा लेखी अर्ज प्रत्येक विहार कमिटी आपल्या शाखेत देऊ शकते. चुकीचे शुल्क लागले तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. वकील असून आम्ही हे सांगतो आहोत!

आमचे आवाहन एवढेच आहे. यात्रेच्या आदल्या रविवारी वंदनेनंतर एक तास हिशेबाला द्यावा. कोणाकडे कोणते कार्ड, किती रोख, यात्रा कंपनीने किती घेतले व कशासाठी, हे फळ्यावर मांडावे. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. 'शिका' या आदेशात पासबुक वाचायला शिकणेही येते.

मावशी यंदा बहिणीला लुंबिनीला पाठवणार आहेत. परवा त्या आमच्याकडे आल्या होत्या, सल्ला विचारायला नव्हे, बहिणीसाठी बँकेतून आणलेल्या शंभराच्या नोटांची गड्डी दाखवायला.

जयभीम! नमो बुद्धाय!