आतड्याच्या रोहिणीतील चीर

तव्यावर भाकरी फुगते तेव्हा तिचा पापुद्रा सुटतो आणि मध्ये पोकळी होते. रोहिणीची भिंतही अशीच थरांची असते. आत नाजूक अस्तर, मध्ये स्नायू व लवचीक तंतूंचा जाड थर, बाहेर चिवट आवरण. अस्तराला चीर पडली, की रक्त दाबाने भिंतीत शिरते आणि थर सुटत जातात. मग एका नळीच्या दोन नळ्या होतात, मूळची खरी आणि भिंतीतली खोटी.

हे बहुधा महारोहिणीत घडते. १७६० साली इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज गेला तो याच विकाराने. पण कधीकधी लहान आतड्याला रक्त पुरविणारी मोठी शाखाच तेवढी चिरते. ही चीर सहसा शाखेच्या उगमापासून थोड्या अंतरावर, ती स्वादुपिंडामागून बाहेर पडून वळते तिथे असते.

खोट्या नळीत शिरलेले रक्त पुढे जाते कुठे? २००९ साली कोरियातील शल्यविशारदांनी मांडलेले वर्गीकरण मुख्यतः या प्रश्नावर उभे आहे. खाली दुसरी चीर पडून रक्त मूळ प्रवाहात परतत असेल, तर पहिला प्रकार. परतीची वाट नसेल तर दुसरा; यात खोटी नळी आंधळ्या पिशवीसारखी भरलेली राहते, नाहीतर तिच्यात रक्त गोठते व ती गाठ खऱ्या नळीला दाबते. रोहिणी पूर्ण बंद झाली, की तिसरा.

हे सारे सीटी स्कॅनवर दिसते. पण प्रकार कळला म्हणजे उपचार ठरला, असे मात्र नाही. नळी अरुंद दिसली तरी शेजारच्या शाखांतून आतड्याला पुरेसे रक्त मिळत असू शकते. पोट हाताला मऊ आणि वेदना असह्य, ही अवस्था फार फसवी. ती वेदना नुसत्या चिरेची असेल किंवा रक्त न मिळणाऱ्या आतड्याची. दुसरी असेल तर काही तासांतच आतडे मरू लागते.

सुदैवाने बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. काही दिवस तोंडाने काही न देता सलाईन, वेदनाशामके, रक्तदाबावर ताबा आणि पुन्हा स्कॅन, एवढ्यावर भागते. रक्त गोठू न देणारी औषधे द्यावीत का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. वेदना थांबतच नसेल किंवा आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असेल, तर मांडीतल्या किंवा हातातल्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन जाळीदार स्टेंट बसवितात. तो सुटलेला पापुद्रा भिंतीशी दाबून धरतो. आतडे मेले किंवा रोहिणी फुटली, तरच पोट उघडण्याला पर्याय उरत नाही. नुसत्या औषधांवर बऱ्या झालेल्यांच्या नंतरच्या स्कॅनवर खोटी नळी आक्रसून खरी पुन्हा रुंदावलेली अनेकदा आढळते.