चार पाकळ्यांचा पाणनेचा

सोसायटीच्या आवारात छोटा हौद करायचा ठरला, की पाण्यात काय लावायचं हा प्रश्न येतोच. मत्स्यालयाच्या दुकानातला साल्विनिया सगळ्यांत सोपा वाटतो: मूठभर टाकला की काही दिवसांत हिरवा गालिचा तयार. पण मुंबईच्या उपनगरांत तो टाकू नये, त्याऐवजी आपल्या मातीतला मार्सिलिया हा पाणनेचा लावावा, असं माझं ठाम मत आहे. साल्विनिया मोलेस्टा मूळचा ब्राझीलचा. केरळात त्याने कालवे आणि भातखाचरं इतकी बुजवली, की १९८०च्या दशकात त्याला खाणारा सोंडकिडा तिथे मुद्दाम सोडावा लागला. आपली मिठी नदी तर विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातूनच सुरू होते. हौद धुताना गटारात गेलेला साल्विनियाचा तुकडा पावसाच्या लोंढ्याबरोबर नाल्यात पोचू शकतो आणि संथ पाणी मिळालं की तिथेच वाढू लागतो. १८९१ साली बांधलेल्या पवई तलावाची जलपर्णीने केलेली दैना समोर असताना आणखी एक परदेशी वनस्पती हाताने घरी का आणावी?

मार्सिलिया चिखलात मुळं रोवून राहतो. एका देठावर चार पर्णिका, जणू चार पाकळ्या. रात्री त्या मिटतात. कोवळं पान गोगलगाईच्या शंखासारखं गुंडाळलेलं उगवतं, तीच त्याची नेच्याची खूण. पाणी चढलं की देठ लांबतो आणि पानं तरंगतात. पाणी उतरलं की तीच झाडं ओल्या चिखलात ताठ उभी राहतात. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेलं वर्ष कोरडं, या आपल्या हवामानाला हे वागणं चपखल बसतं. पसरट कुंडीत चारपाच इंच चिकट माती, वर जेमतेम पाणी आणि निम्मा दिवस ऊन, एवढं त्याला पुरतं.

हाही पसरतोच की, असं कोणी म्हणेल. खरं आहे, त्याची धावती खोडं चिखलात चांगलीच सरकतात. म्हणून तो कुंडीतच लावावा, ती कुंडी हौदात ठेवावी आणि कडेबाहेर आलेलं खोड छाटावं. डासांचा आक्षेप याहून गंभीर आहे, कारण डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत अंड्यातून उडण्याइतका वाढतो. पण या नेच्याला साचलेलं पाणी लागतच नाही. पावसाळ्यात पाणी काढून नुसता ओला चिखल ठेवला, तरी तो जोमाने वाढतो. ही सोय साल्विनियात नाही. रोप मात्र राष्ट्रीय उद्यानातून उपटू नये, ते कायद्याने गुन्हा आहे, रोपवाटिकेत विचारावं.

उन्हाळ्यात पानं वाळली की अनेक जण माती फेकून देतात. तेवढी घाई करू नये. वाळलेल्या देठांच्या बुडाशी मिरीहूनही लहान, काळसर, टणक दाणे असतात. बीजाणू त्यांत बंद असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. एक दाणा ब्लेडने जरा खरवडून वाटीभर पाण्यात टाकला, तर थोड्याच वेळात त्यातून पारदर्शक जेलीची दोरी बाहेर येते आणि तिच्यावर बीजाणूंचे पुंजके ओळीने लटकलेले दिसतात.