शोधपेटीतला बंब

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर माझ्या एका स्नेह्यांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. टाळेबंदीत दुकान बंद राहिले, त्या धसक्याने त्यांच्या मुलाने संकेतस्थळ करून घेतले. दिसायला देखणे. काळ्या पार्श्वभूमीवर झळकणारी भांडी आणि वर वारसा, धातुशिल्प वगैरे शब्द असलेले एक इंग्रजी वाक्य. आठ महिने झाले तरी तिकडे कुणी फिरकेना. मग एका सल्लागाराने 'पहिल्या पानावर पहिला क्रमांक हमखास' असे सांगून वर्षाचे पैसे आगाऊ घेतले. क्रमांक आला नाही, सल्लागार फोन उचलेनासा झाला. मी कोशांत आणि जुन्या दप्तरांत रमणारा माणूस, संगणकाचे शिक्षण शून्य. तरीही "शब्दांचं काहीतरी चुकतंय, तुम्ही बघा" म्हणून स्नेह्यांनी मला बोलावले आणि त्या निमित्ताने दोनेक वर्षे मी या विषयाच्या नादी लागलो.

शोधयंत्र काय करते, हे ग्रंथालयात वावरणाऱ्याला चटकन कळते. त्याचे यांत्रिक हस्तक एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात, वाचतात आणि ग्रंथाच्या शेवटी असते तशी शब्दसूची बांधतात. आपण शोधतो ते जग नव्हे, ही सूची. एका शब्दापुढे हजारो पाने आली, तर आधी कोणते दाखवायचे? लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमधून मांडलेले उत्तर संशोधकांच्याच वहिवाटीतले होते. ज्या निबंधाचा हवाला इतर निबंध देतात तो वजनदार. आणि हवाला देणारा स्वतः वजनदार असेल, तर त्याचे मोल अधिक. विज्ञानातल्या अशा हवाल्यांची सूची यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकातच सुरू केली होती. आज गुगल याखेरीज कितीतरी गोष्टी पाहते, पण हा पाया आहे. म्हणून विकत घेतलेले शंभर दुवे गुगलच्या नियमांत बसत नाहीत आणि एखाद्या जाणत्या अभ्यासकाने आपणहून दिलेला एक दुवा उपयोगी पडतो. पानाच्या पोटात दडवलेली 'कळशब्दां'ची यादी क्रमवारीसाठी आपण पाहत नाही, असे गुगलने २००९ सालीच जाहीर केले होते. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही ते स्वतःच सांगतात. आमच्या सल्लागाराने नेमक्या या दोन गोष्टी विकल्या होत्या.

आता शब्दांकडे येतो, कारण खरे दुखणे तिथे होते. त्या देखण्या संकेतस्थळावर 'बंब' हा शब्द कुठेही नव्हता. घंगाळ नव्हते, कळशी नव्हती, तपेले नव्हते. बंबाला 'पारंपरिक जलतापक' अशा अर्थाचे इंग्रजी नाव होते. ज्याच्या आजीच्या न्हाणीघरात बंब धुमसत असे, तो माणूस शोधपेटीत जलतापक कशाला लिहील? तो 'तांब्याचा बंब' लिहितो. बऱ्याचदा तेच रोमन लिपीत लिहितो आणि तेही दोन-तीन तऱ्हांनी. मराठी नावे होती ती फक्त जाहिरातीच्या चित्रांवर. चित्रातले अक्षर माणसाला दिसते, पण शब्दसूचीत ते नीट उतरेल याचा भरवसा नाही. दुकानाचे जुने मराठी माहितीपत्रक छापखान्याच्या फाँटमध्ये जुळवलेले होते. अशा फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात. ते उचलून संकेतस्थळावर चिकटवले तेव्हा कडबोळे उमटले, म्हणून मुलाने मराठीचा नादच सोडला होता! युनिकोडमध्ये ते सारे नव्याने टंकावे लागले.

युनिकोडमध्येही मराठीच्या खोडी आहेतच. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधीची सवय 'अ' वर चंद्र ठेवण्याची. 'ॲल्युमिनियम' हा शब्द दोन्ही प्रकारांनी लिहिला तर डोळ्याला एकच, यंत्राला दोन. 'तऱ्हा' मधल्या त्या अर्ध्या रफाराचेही तेच. मोठी शोधयंत्रे असले भेद पुष्कळदा सांभाळून घेतात, पण दुकानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची शोधपेटी घेत नव्हती. शिवाय आपली सामान्यरूपे: हंडा, हंड्याला, हंडे. यादीत फक्त 'हंडा' टाकून भागत नाही. वाक्ये लिहावी लागतात, म्हणजे शब्द आपापल्या रूपांत येतात.

मी एकच गोष्ट सुचवली. गल्ल्याजवळ वही ठेवा आणि गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. महिनाभरात वही भरत आली. त्यात 'जलपात्र' एकदाही नव्हते. तांब्याच्या भांड्यात ताक का ठेवत नाहीत? नव्या घंगाळावरचे ठोके कायमचे राहतात का? (ते मठाराचे काम. ठोक्यांनी पत्रा कणखर होतो आणि रूपही येते.) कल्हई किती दिवस टिकते? आणि सगळ्यांत जास्त वेळा, कल्हईवाला कुठे भेटेल?

एकेका प्रश्नाला एकेक पान दिले. कल्हईच्या पानावर स्नेह्यांनी मनापासून लिहिले: भांडे तापवणे, नवसागराची पूड, वर धूर, मग कथील लावून कापसाने झरझर फिरवलेला हात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, हे मुलाने घातले. बंबाच्या पानावर मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी, अशी साधी आकृती काढली. नकाशातल्या नोंदीत दुकानाचे नाव, वेळ, सुट्टीचा वार आणि ताजी छायाचित्रे भरली. जवळपास शोधणारी माणसे आधी तीच नोंद पाहतात आणि ती फुकट असते. दुकानदार मंडळी तिच्याकडे इतके दुर्लक्ष का करतात, मला उमगत नाही.

माणसे हळूहळू येऊ लागली, पण बहुतेक कल्हईसाठी. नवे भांडे घेणारे थोडे. स्नेही थोडे खट्टू झाले. दुकान काही कल्हई करत नाही, मग या वाटसरूंचे काय करायचे? शेवटी त्यांनी ओळखीच्या एका कल्हईकराला आठवड्यातून एक दिवस दुकानाच्या ओट्यावर बसायला बोलावले आणि तो वार पानावर टाकला. त्या कारागिराची मुले या धंद्यात नाहीत. तो स्वतः किती दिवस बसेल, हे तोही सांगत नाही.

लोक काय शोधत आपल्यापर्यंत पोचले, याची यादी गुगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये मालकाला विनाशुल्क मिळते. मला ती बोलीकोशाच्या कच्च्या चिठ्ठ्यांसारखी वाटते. कुणी 'कल्हई' लिहितो, कुणी 'कलई'. गेल्या महिन्यात तीत 'बंबाची चावी गळते' असे आले. मुलगा म्हणाला, बंबाला कुलूप कुठे असतं? स्नेही हसले. त्यांचे आजोळ कोल्हापूरकडचे, तिकडे तोटीला चावी म्हणतात. संध्याकाळी त्यांनी पानावर 'तोटी' च्या शेजारी तो शब्द लिहिला आणि चार जुन्या तोट्या झाळून ठेवायला काढल्या.