शिखर कुणाचे, खर्च कुणाचा?

गरिबांच्या शिक्षणासाठी, आजारी मुलांच्या उपचारासाठी डोंगर चढून निधी उभारण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत जुनी आहे. आता ती आपल्याकडेही रुजू लागली आहे. मी अमुक शिखर चढतो, तुम्ही अमुक संस्थेला पैसे द्या, असे आवाहन केले जाते. हेतू चांगला आहे. पण भिवंडीसारख्या यंत्रमाग कामगारांच्या शहरात अशी झोळी फिरली, तर एक प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्या रुपयातले किती पैसे डोंगरावर खर्च होतात आणि गरजूच्या हातात किती पडतात?

एव्हरेस्टचेच घ्या. सप्टेंबर २०२५ पासून नेपाळच्या बाजूने वसंत ऋतूतील चढाईचे नुसते परवाना शुल्कच ११ हजार डॉलरवरून १५ हजार डॉलर झाले. म्हणजे १३ लाख रुपयांच्या आसपास! प्राणवायू, शेर्पा, साहित्य, विमानभाडे हे सारे वेगळे. हा खर्च गिर्यारोहकाने स्वतः केला तर त्याचे अभिनंदन. तो वर्गणीतून भागवला, तर ते दान मुलांना नव्हे, त्याच्या हौसेला झाले.

तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी १९५३ साली एव्हरेस्टवर पोहोचले. हिलरींनी १९६० मध्ये हिमालयन ट्रस्ट स्थापन केला आणि १९६१ मध्ये शेर्पांच्या खुमजुंग गावात शाळा उभी राहिली. ओझे वाहणाऱ्यांच्या मुलांना पाटी-पुस्तक मिळाले. नाव शिखराने दिले, काम मात्र खाली उतरल्यावर झाले.

याहून महत्त्वाचे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. २५ मे २०१४ रोजी आजच्या तेलंगणातील मालवथ पूर्णा ही १३ वर्षांची आदिवासी मुलगी आणि आनंदकुमार हा दलित विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. दोघेही सरकारी समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. मे २०१८ मध्ये आपल्या राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. या मुलांना कुणापुढे हात पसरावा लागला नाही. पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे जनतेचा होता. दात्याचे मन फिरले की दान थांबते. हक्क मात्र मागता येतो, नाकारला तर जाब विचारता येतो.

मग वर्गणी नकोच काय? तसे मुळीच नाही. भिवंडीच्या तरुणांनी एव्हरेस्टची वाट कशाला पाहावी? शेजारच्या शहापूर तालुक्यात, आसनगावजवळ माहुली किल्ला आहे. प्रवासखर्च ज्याचा त्याने करावा, वाटाड्या पायथ्याच्या गावातला घ्यावा, त्याची मजुरी चोख द्यावी आणि जमलेला प्रत्येक रुपया वस्तीतल्या अभ्यासिकेला द्यावा.

मात्र कायदा पाळा. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ४१क लागू होते. गणेशोत्सव मंडळे ज्या कलमाखाली वर्गणीची परवानगी घेतात, तेच हे कलम. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर अर्ज करा, पावती फाडा आणि जमाखर्च वस्तीच्या फलकावर लावा. मागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार दहा रुपये देतो, तेव्हा त्याला हिशोब मिळालाच पाहिजे. आणि त्याच वेळी महापालिकेला ठणकावून विचारा, अभ्यासिका बांधणे हे तुमचे काम नाही काय?