पावणेदोन आणि ओंदूमुक्कालु

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. ही सात नावे एका दमात उच्चारली, की आपल्या गावातील जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या कानांत दिवेलागणीचा परवचा घुमू लागेल. मी स्वतः त्या पिढीचा नव्हे. पण आमच्या घरी तो रिवाज जरा उशिरापर्यंत टिकला. माझे वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरीतले तबलजी. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीत होते, आणि मी त्यांच्या पन्नाशीतले शेंडेफळ. त्यामुळे मुलाकडून पाढे म्हणवून घेण्याची त्यांची रीत गल्लीतल्या इतर मुलांच्या वडिलांपेक्षा एक अख्खी पिढी जुनी होती.

एवढी औटकीपर्यंत मजल मारूनही इयत्ता पाचवीत मी अपूर्णांकांत सपशेल आपटलो. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असा प्रश्न होता. मी वरचे आकडे वरच्यांत मिळविले, खालचे खालच्यांत मिळविले आणि उत्तर लिहिले दोन पंचमांश. मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखविले आणि तबलजीच्या मुलाला हिशेब कशाला हवा, असे काहीसे म्हणाले. वर्ग हसला. त्या दिवसापासून गणित हा विषय आपला नव्हे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

तात्यांना छेद, लसावि असले शब्द ठाऊक नव्हते. त्यांनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, "अर्ध्यात काही घातलंस, तर ते अर्ध्याहून वाढेल की घटेल?"

"वाढेल."

"मग हे तुझे पाचातले दोन अर्ध्याहून जास्त की कमी?"

मी गप्प. तात्यांनी एकताल धरावयास सांगितला. बारा मात्रा. "ह्यातला अर्धा किती? सहा. तिसरा हिस्सा किती? चार. मिळून दहा. बारातले दहा." टाळी देता देता मला दिसले की तिसरा हिस्सा आणि अर्धा यांना एका मापात आणल्यावाचून त्यांची बेरीज होत नाही, आणि ते माप बारा मात्रांत आयतेच होते. बारातले दहा म्हणजे सहातले पाच, हे पुढच्या आवर्तनात आपोआप उलगडले.

पुढे मी गाण्याचा शिक्षक झालो. शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आईबापांना मी कित्येक वर्षे एकच प्रवचन ऐकवीत आलो, की मुलांना पावकी-दिडकी घोकवा, अपूर्णांक पाण्यासारखे येतील. मी स्वतः ती घोकूनच नापास झालो होतो, ह्याचा मात्र मला सोयीस्कर विसर पडत असे. तो भ्रम उतरला यंदाच्या उन्हाळ्यात, माझ्या आजोळी.

माझे आजोळ मादन हिप्परगा. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले. घरात मराठी, शेजारी कानडी, जुन्या कागदपत्रांत उर्दू, असा तिथला संसार. आमच्या अज्जांचे तिथे किराणा दुकान होते. आता दुकान नाही, ओटा आहे. त्या ओट्यावर मामेभावाची मुलगी वही घेऊन रडकुंडीला आलेली मला सापडली. ती पाचवीत, कानडी शाळेत जाते. "काका, मला गणित येत नाही," हे तिने ज्या सुरात सांगितले तो सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

मी लगेच माझे प्रवचन काढले. विचारले, "पावणेदोन म्हणजे किती पाव?" ती नुसती बघत राहिली. मी म्हटले, "अगं, दोनाला पाव कमी!" ती म्हणाली, "ओंदूमुक्कालु?" मी जरा करड्या आवाजातच म्हणालो, "मराठीत सांग." तिने मराठीत काही सांगितले नाही. एका हाताची चार बोटे उघडली, दुसऱ्या हाताची तीन, आणि म्हणाली, "एळु कालु." सात पाव. माझी दोनातून पाव वजा करावयाची आकडेमोड पुरी होण्याआधीच ती पोचली होती.

ह्याचे मर्म असे. कानडीत पाव म्हणजे 'कालु', आणि पाऊण म्हणजे 'मुक्कालु', म्हणजे सरळ तीन कालु. पावणेदोनाला ते 'ओंदूमुक्कालु' म्हणतात, म्हणजे एक आणि वर तीन पाव. आपली मराठी मात्र पुढच्या पूर्णांकाकडे पाहून उणे मोजते. 'पाऊण' हा शब्दच पादोन, म्हणजे पादाने ऊन. दोन्ही भाषांत चौथ्या हिश्श्याचे नाव पायावरून पडले आहे, ही गंमत मला त्या ओट्यावर प्रथम लक्षात आली. संस्कृतातला पाद तो आपला पाव, आणि कानडीत 'कालु' म्हणजे पायच. चार पायांच्या जनावरावरून दोघांनाही पाव सुचला. पुढे मोजण्याच्या वाटा निराळ्या झाल्या.

ह्या दोन्ही वाटा शास्त्रात आहेत. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त पूर्णांकात भाग मिळविण्याच्या प्रकाराला भागानुबंध म्हटले आहे आणि भाग वजा करण्याच्या प्रकाराला भागापवाह. आपले सव्वा, दीड हे भागानुबंधातले, तर पाऊण, पावणेदोन भागापवाहातले. व्यवहारात आपली वाट चांगली आहे. घड्याळ पाहताना दोन वाजायला पाव तास उरला, हे 'पावणेदोन' एका शब्दात सांगते. पण मिश्र अपूर्णांकाचा अंशाधिक करताना ती आडवी येते. पावणेदोनाच्या पोटात सात पाव आहेत हे तो शब्द झाकून ठेवतो. आणि मी ज्याचा मुलगा, त्याच्या बोटांना हे ठाऊक होते! तबल्यात पावणेदोनपट लयीला बिआड म्हणतात. चार मात्रांच्या जागेत सात बोल सारख्या अंतराने बसवावयाचे. तिथे दोनपटीतून पाव उणा करीत बसलात तर सम हुकलीच. प्रत्येक मात्रेचे सात भाग मनाशी धरावयाचे आणि दर चार भागांनी एक बोल टाकावयाचा. सात छेद चार. आयुष्यभर ही लय हातावर मोजली आणि मुलीला मात्र मराठीत सांग म्हणून दटावले.

मग ती रडत का होती? वही पाहिली. पाव-पाऊणाची सारी उदाहरणे बरोबर. चुकली होती ती तिसऱ्या, पाचव्या हिश्श्यांची. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, ह्याला तिने चतुर्थांश लिहिले होते, कारण चार तीनाहून मोठे. इथे कानडी आणि मराठी दोघी सारख्याच मुक्या. आपल्या सात पाढ्यांत एकही तिसऱ्या हिश्श्याचा नाही, आणि कानडीतही त्याला एकशब्दी नाव नाही. 'मूरने ओंदु भाग' असे लांबण लावून म्हणावे लागते. कारण उघड आहे. आपली जुनी मापे अर्धे करत करत उतरली. शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. रुपयाचे सोळा आणे. त्रितालाच्याही मात्रा सोळा. सोळाचा पाव, अर्धा, पाऊण झटकन निघतो, तिसरा हिस्सा निघत नाही. आण्याच्या बारा पै होत्या म्हणून रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै असा नेमका पडत असे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि तीही सोय गेली.

म्हणून तिच्यापुढे एकतालच धरला. बारा मात्रा, तीन सारखे भाग केले तर एकेक चारांचा. चार भाग केले तर तीनांचा. वाटेकरी वाढले की वाटा आखडतो, हे तिने टाळीवर तीनचार आवर्तनांत पकडले. तृतीयांश आणि चतुर्थांश मिळून बारातले सात, हेही मोजून काढले.

त्याच ओट्यावर लहानपणी अज्जांनी मला एक कोडे घातले होते, ते तिला सांगितल्यावाचून राहवेना. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, इंग्रजी मुलुखात कलदार. सरकारी दर शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे चोख सहा कलदारांचे सात हाली. अज्जा सोलापूरकडचा माल कलदारात घेत आणि गावात हालीत विकत. कलदाराचे हाली करताना सहावा हिस्सा चढवावयाचा. "मग हालीचे परत कलदार करताना कितवा हिस्सा उतरवायचा, बाळा?" मी ठसक्यात सांगितले होते, सहावा. अज्जांनी सात सुपाऱ्या मांडल्या आणि म्हणाले, "काढ ह्यांचा सहावा हिस्सा." निघेना. सातवाच काढावा लागला. सुपारी तीच एक होती. चढवताना ती सहांतली, उतरवताना सातांतली. हा फरक विसरणारे दुकानदार कसे बुडाले, ते अज्जा मोठ्या चवीने सांगत.

तिला सुपाऱ्या लागल्या नाहीत. क्षणभर थांबून ती म्हणाली, "सातवा. आता सात झाले ना." मला त्या वयात हे सुचले नव्हते, हे मी तिच्यापाशी कबूल केले, आणि ती खूश झाली.

निघावयाच्या दिवशी सकाळी तिने विचारले, "काका, पाव आणि पाचवा हिस्सा मिळवायचा असेल तर कोणता ताल?" झपतालाच्या दहा मात्रा मनात आल्या, पण दहाचा पाव निघत नाही. मी म्हटले, तसा ताल मी शिकवीत नाही. ती म्हणाली, "मी केलाय," आणि ओट्यावर बसून तिने वीस टाळ्या मोजून दाखविल्या. पाचावर थांबली, पुढे चार मोजल्या, आणि राहिलेल्या अकरा टाळ्या घाईघाईने संपवून वहीत लिहिले: नऊ छेद वीस.